सुरक्षित ठेवलेला प्रतापरावांचा आवाज

जुने नीट चालत असताना नवे घेणे म्हणजे प्रगती, आणि ती करताना जुन्यातले काही हरवू नये अशी प्रत्येकाची इच्छा असते. (दोन्ही एकदम कुणाला जमल्याची नोंद अद्याप नाही.)

छत्तीसगड अजून मध्य प्रदेशातच होते तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या राजेंद्र नगरात कमलताई शितोळे यांनी घरच्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायचे ठरवले. कॉम्प्युटर त्या आपल्या आपण शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या चुकांत कोणत्याही गुरूचा वाटा नव्हता.

कॉम्प्युटरमध्ये जपण्यासारखी एकच गोष्ट होती: त्यांच्या गेलेल्या यजमानांचा, प्रतापरावांचा आवाज. नवा माइक आणल्या दिवशी तो तपासताना ते बोलले होते, "हॅलो, हॅलो. कमल, सुरू आहे का गं हे? बत्ती तो जल रही है." एवढेच. पुढे ते वर्षभर होते, पण माइक कपाटावर गेला.

शेजारची अंबिका म्हणाली, "वहिनी, फ्लॉपीत घ्या नि माझ्याकडे ठेवा. कुछ गडबड झाली तर असू दे."

"तुझ्याकडे?"

"का, माझ्या घरी चोर राहतात?"

"तसं नाही गं. आमच्यात पद्धत नाही."

पद्धत अशी. शितोळ्यांचे पणजोबा होळकरांच्या जामदारखान्यात खजिना सांभाळायला होते. मौल्यवान वस्तू उंबऱ्याबाहेर पाठवू नये, आतच चार ठिकाणी ठेवावी, हा त्यांचा नियम घराने अजून पाळला होता. (कपाटाची दुसरी किल्लीही याच नियमाने कपाटाच्या आत असे.) त्यानुसार कमलताईंनी आवाजाच्या प्रती काढून त्याच कॉम्प्युटरमध्ये 'महत्त्वाचे', 'फार महत्त्वाचे' आणि 'हात लावू नये' या फोल्डरांत ठेवल्या. एक 'लोणची'मध्ये, म्हणजे चोराला संशय येऊ नये.

बाकी खबरदारीही चोख होती. लाइट जाऊ नये म्हणून रविवारची सकाळ निवडली, यंत्राला हळदकुंकू वाहिले, पोहे आधीच करून ठेवले. घरात मांजर नव्हती, तरी टेबलाखाली वाकून पाहिले.

मध्येच यंत्राने विचारले, जुने सगळे पुसून नव्याने सुरुवात करू का?

"थांबा हो, नीट वाचा," अंबिका म्हणाली.

"वाचलं. आपली तयारी पूर्ण आहे," म्हणत कमलताईंनी होकार दिला. (तयारी नसती तर त्यांनी हे धाडस केलेच नसते.)

नवी सिस्टिम देखणी निघाली. रंग प्रसन्न, अक्षरे ठसठशीत. आत महत्त्वाचे असे काहीही नव्हते. लोणचीसुद्धा नव्हती.

अंबिकाने पोह्यांवर शेव घालून बशी पुढे सरकवली. "खा हो थोडं."

संध्याकाळी कमलताईंनी कपाटावरून माइक काढला, पुसला, आणि हळूच म्हणाल्या, "हो, सुरू आहे. बत्ती जळतेय." उत्तराला जरा उशीर झाला होता. हा आवाज मात्र त्यांनी रीतसर फ्लॉपीत घेतला, आणि फ्लॉपी कपाटात, दुसऱ्या किल्लीशेजारी, नीट ठेवली.

यावर हसण्यास वाचकांना मुभा आहे. फक्त आधी उठून आपापल्या कपाटाची दुसरी किल्ली आणून दाखवावी. (पहिली न वापरता.)