चिंदी बँडचे हिलाल आप्पा

ज्या गाण्यात तांब्यातलं पाणी नाचत नाही, ते गाणं हिलाल आप्पांच्या घरात दुसऱ्यांदा वाजत नाही.

हे मी अलंकारिक बोलत नाही. आप्पांच्या पुढच्या खोलीत कमरेएवढा उंच काळा स्पीकर आहे. त्यावर ते पितळेचा तांब्या काठोकाठ भरून ठेवतात, मोबाइलवरून गाणं लावतात आणि चष्मा कपाळावर चढवून पाण्याकडे बघत बसतात. पाणी नुसतं थरथरलं तर "ठीक शे." उडून बाहेर सांडलं तर मांडीवर थाप मारून, "वर येतीन पोरे!" आणि ढिम्म राहिलं तर गाणं बंद, पाणी तुळशीला. आधीचा स्पीकर अशाच एका फार चांगल्या गाण्यात भिजून गेला. आप्पांना त्याचं दुःख नाही. "चांगला कामले गया," एवढंच म्हणतात.

सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या कॉलनीत ते तळमजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या बरोबर डोक्यावर. मी मराठी शाळेत मास्तर, मूळचा परभणीकडचा. स्वभावाने असा की शेजाऱ्याचं दूध उतू गेलं तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. त्यामुळे खालच्या आवाजानं माझ्या घरातली भांडी वाजायला लागली तेव्हा मी तक्रार करायला गेलो, आणि "आप्पा, माझ्या चालण्याचा तुम्हाला त्रास होत नाही ना?" असं विचारून, चहा पिऊन परत आलो.

आप्पा मूळचे खान्देशातले, पण त्यांचं सगळं आयुष्य सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये गेलं. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत काकू गेल्या. मूलबाळ नाही. पुढची खोली भाड्यानं द्यायची म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली. एक कुटुंब येऊन बघून गेलं. त्यानंतर चार कॉलेजची पोरं आली, ड्रम, गिटारी आणि वायरींची गुंतवळ घेऊन. त्यांच्या बँडचं नाव चिंदी. सुरतेत कापड कापून उरतं ती चिंदी पोत्यानं विकली जाते, ते नाव या पोरांनी उचललं होतं. बाकी सगळीकडून त्यांना हाकललेलं होतं. आप्पांनी पाटी काढून टाकली. भाड्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

या बँडचं संगीत मला समजावं म्हणून मी बराच प्रयत्न केला. खाली ड्रम आणि बेस असा चालतो की पाय ऐकत नाहीत. वरून गिटार काचेवर खिळा ओढल्यासारखी. आणि त्यावर रिंकल, म्हणजे अमरोलीची किडकिडीत गायिका, गात नाही तर ओरडते. मी तिला एकदा विचारलं, "बेटा, हे नक्की काय आहे?"

"सर, डान्स-पंक है. नाचने का बी, और गुस्सा बी करने का."

मला कळलं नाही हे आप्पांना दिसलं. ते मदतीला आले. "सर, सोपं शे. लगीन आनि भांडन, एकच मांडवमा."

तेव्हापासून मला डान्स-पंक समजतं.

आप्पा स्वतःला मॅनेजर म्हणवत नाहीत, पण वागतात तसेच. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी आणि अंगात चिंदीचा काळा टी-शर्ट, अशा वेषात ते डुमस रोडच्या कॅफेत पोरांबरोबर जातात. तिथे पुढच्या टेबलावर बसतात, मालकाला "पोरेस्ले आधी जेवाले द्या, मंग वाजवतीन" असं सांगतात, आणि वाजायला लागलं की हातरुमाल फिरवत हळदीत नाचतात तसे नाचतात. शेजारच्या टेबलावर कोणी कॉफीत चमचा ढवळत बसलेलं दिसलं तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात. "पाय दुखस का?" असं मनापासून विचारतात.

त्यांचा अभ्यास एका बँडपुरता नाही. पुणे, शिलाँग, बंगळूर, कुठलीही चार पोरं कुठल्याही गॅरेजात वाजवत असोत, आप्पा त्यांना मोबाइलवर शोधून काढतात. अट एकच, त्यांना अजून कोणी ओळखता कामा नये. शेरेही तयार असतात. "ड्रमवाला दमदार शे, पन जेवस नई." "गिटारवाली लाजस. घरना लोके बठेल व्हतीन समोर." एखादा बँड गाजला, मोठ्या स्टेजवर गेला, की आप्पा त्याचं गाणं लावणं बंद करतात. मी विचारलं, "आप्पा, त्या शिलाँगवाल्यांचं काय झालं?"

"सासरी गयी," आप्पा म्हणाले आणि तांब्या विसळायला उठले.

एवढ्यावर हे प्रकरण सुखानं चाललं असतं. पण श्रावण जवळ आला आणि कानबाईचा प्रश्न निघाला.

कानबाई ही खान्देशी लोकांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोळे, दागिने घालून तिला बसवतात, आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर विसर्जन. तिच्यापुढे घरातल्या बायका नाचतात, तो तिचा मान. सगळ्या भाऊबंदांची मिळून एक कानबाई असते, ती थोरल्याच्या घरी बसते. आप्पा थोरले. त्यामुळे ती कायम त्यांच्याच पुढच्या खोलीत बसत आली. आता त्या खोलीत ड्रम बसले होते.

आप्पांचा पुतण्या प्रल्हाद बारडोलीला साखर कारखान्यात आहे. घर मोठं, बायको सुरेखा करती-सवरती. तो आषाढातच माझ्याकडे गुळाची ढेप घेऊन आला. "सर, तुमचं ऐकतील. काकू गेल्या, घरात बाई नाही, देवीच्या जागेवर ढोलताशे. कानबाई बारडोलीला येऊ द्या म्हणा."

मी गूळ ठेवून घेतला आणि "बघतो" म्हटलं. खाली जाऊन आप्पांना सांगितलं. आप्पांनी हातातला कप खाली ठेवला.

"सर, ती गयी तं हाई घरमा कोन येई?"

मी त्यांनाही "बघतो" म्हटलं. दोन्ही बाजूंना बघतो म्हणून मी मधल्या जिन्यात उभा राहिलो. त्या दिवसापासून गुळाचा चहा माझ्या घशाखाली नीट उतरला नाही.

शेवटी आप्पांनीच तोड काढली. रविवारी ड्रम गच्चीवर जातील, खोली सारवल्यासारखी स्वच्छ होईल, कानबाई तिथेच बसेल. आणि सोमवारच्या मिरवणुकीला बेंजो पार्टी नाही, चिंदी वाजवेल.

प्रल्हादला हे ऐकून खोकला लागला. मग तो थंडपणे म्हणाला, "ठीक. पण आप्पा, एक गोष्ट. बायका नाचल्या नाहीत, तर देवीचा मान राहिला नाही. मग पुढच्या वर्षापासून कानबाई बारडोलीला."

"मंजूर," आप्पा म्हणाले. ते इतक्या झटकन म्हणाले की प्रल्हादनं पुन्हा विचारून घेतलं.

सोमवारी सकाळी गल्लीत छोटा टेम्पो उभा राहिला. त्यावर जनरेटर, ड्रम, स्पीकर आणि दोरीनं बांधलेली पोरं. पुढे सुरेखावहिनींच्या डोक्यावरच्या पाटावर कानबाई, त्यांच्यामागे नवी पातळं नेसलेल्या भाऊबंदांच्या बायका, बाजूला हाताची घडी घालून प्रल्हाद. रिंकलनं माइकवर फुंकर मारली आणि बँड सुटला.

काय सांगू! चहाच्या टपरीवरचे ग्लास वाजले. वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडल्या. आणि बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. एकीनं पदर कानावर ओढला. दुसरी म्हणाली, "अगं बाई, गाडीना सायलेन्सर फुटना का?"

आप्पा एकटे नाचत होते. टोपी घामानं भिजली, रुमाल गरगर फिरत होता, आणि ते बायकांकडे बघतच नव्हते. गल्ली संपत आली. पुढे मोठा रस्ता होता. तिथून सगळ्यांनी गाड्यांत बसायचं, म्हणजे नाच संपला. प्रल्हादनं माझ्याकडे बघून मान हलवली. मी पण हलवली, आणि लगेच मला आप्पांची लाज वाटली, मग माझी वाटली. म्हणून मी दोन पावलं नाचलो. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, हे बरंच झालं.

मग रिंकलनं हात वर करून पोरांना थांबवलं. वाकून ड्रमवाल्याला काहीतरी सांगितलं. नुसता ड्रम आणि बेस सुरू झाला, आणि तिनं नवं गाणं घेतलं. शब्द अहिराणी होते. वर्षभर आप्पांच्या खोलीत बसून तिनं ते उचलले असणार. गाण्यात एवढंच होतं, मी बोलते, कोण ऐकतं?

"घरमा बोलस, कोन आयकस?" रिंकल ओरडली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"दारमा बोलस, कोन आयकस?"

मागून एक म्हातारी सहज बोलल्यासारखी म्हणाली, "कोनी नई, माय."

दोन-चार जणी हसल्या. रिंकलनं पुन्हा विचारलं तेव्हा त्या चौघी एकदम म्हणाल्या, "कोनी नई!" तिसऱ्यांदा सगळी रांग ओरडली. ड्रम चढला. ज्या बाईनं पदर कानावर घेतला होता तिनं तो कमरेला खोचला आणि शेजारणीचे हात धरून फुगडी घातली. एकेक बाई आपल्या नवऱ्याला शोधून त्याच्या तोंडासमोर नाचू लागली. सुरेखावहिनींनी कानबाई जावेच्या डोक्यावर दिली, वळल्या आणि प्रल्हादच्या छातीवर बोट ठेवून गरजल्या, "रोज बोलस! कोन आयकस?"

"अगं, लोकं बघताहेत," प्रल्हाद म्हणाला.

"बघू दे! आयकू बी दे!"

गल्लीच्या टोकाला टेम्पो अर्धा तास हलला नाही. बायका सोडेनात. शेवटी ड्रायव्हर विसर्जनासाठी खोळंबलेल्या भटजींना घेऊन विनवण्या करायला आला. आप्पा आता नाचत नव्हते. विजेच्या खांबाला धरून दम खात होते आणि डोळे पुसत होते. मला म्हणाले, "घाम शे."

विसर्जन झालं. दुपारी सगळे आप्पांच्या घरी परतले. आता रोटाचं, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचं, जेवण. हे रोट बाहेरच्याला देत नाहीत. गहू दळायला काढताना घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन मूठ काढायची, त्याच पिठाचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे. हा नियम पोरांना माहीत होता. ती शहाण्यासारखी बाहेर पायरीवर बसून वायरी गुंडाळत होती. मीही परका, म्हणून त्यांच्याशेजारी बसलो. आतून तुपाचा वास येत होता. ड्रमवाला म्हणाला, "चलो, लोचो खाने जाते है."

आतमध्ये प्रल्हादचा आवाज चढला. "एवढे रोट कसे? माणसं मोजून गहू काढतात ना?"

"मला काय विचारता?" सुरेखावहिनी म्हणाल्या. "मुठी आप्पांनी काढल्या. गेल्या साली स्वतःच्या नावाची काढली आणि किती वेळ तशीच धरून बसले होते. यंदा भराभर काढल्या. मी जवळच होते. म्हटलं, आप्पा, ही कोणाची नावं? तर म्हणाले, तू दळ."

"कोणाची नावं?"

वहिनी हळू बोलल्या, पण दार उघडं होतं. मराठी माणूस आपल्या नावापुढे बापाचं नाव लावतो, तशी ती नावं होती. जिग्नेश हिलाल. सोहम हिलाल. कुणाल हिलाल. रिंकल हिलाल.

पायरीवर वायर गुंडाळणारे हात थांबले.

आप्पा ताटं घेऊन बाहेर आले. कोणाकडे न बघता एकेकासमोर ठेवू लागले. रिंकलनं ताटाला हात लावला नाही. "आप्पा, हम लोग तो बहार के हैं ने? चलेगा?"

"नाम से दळा है," आप्पा त्यांच्या खान्देशी हिंदीत खेकसले. "अब नही खायेंगे तो कैसा चलेगा?"

तिनं घास घेतला. प्रल्हाद दारात येऊन उभा होता. त्यानं तुपाची वाटी आणली होती, ती तो मुकाट्यानं प्रत्येकाच्या ताटात वाढत गेला. ड्रमवाला पुरता भुकेला होता, त्याला ठसका लागला. आप्पा त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागले.

"धीरे खा, धीरे," ते म्हणाले. "पन छोडना मत कुछ. घर का है, घर मेंच खतम होना."