पखवाजाची कणीक

या, असे जवळ सरून बसा. मागच्यांनी पुढे या, पुढच्यांनी मांडी आवरून घ्या. भिंतीला टेकू नका, टेकलात की डोळा लागतो, आणि ही गोष्ट झोपून ऐकायची नाही. गोष्ट कीर्तनाची आहे. पण तिच्यात लगोरी आहे, शेळी आहे आणि एक नऊ वर्षांची पोर आहे. देवही आहे. तो शेवटी येतो, त्याला कधीच घाई नसते.

जळगावात एका डाळ मिलच्या मागे पत्र्याची चाळ होती. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. चाळीतले बाप मिलमध्ये पोती वाहत, आया डाळ निवडत, आणि पोरं शाळा सुटली की मिलच्या भिंतीमागच्या मोकळ्या जागेत. खेळणं विकत आणायची तिथे रीतच नव्हती. सायकलचा फाटका टायर मिळाला की झाली मोटार. फरशीचे सात तुकडे मिळाले की झाली लगोरी. चेंडू म्हणाल तर तो आयांच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांचा. प्रत्येकाच्या आईचा थोडाथोडा पदर त्यात असे, म्हणून त्याचा मार पाठीत बसला तरी फारसा लागत नसे.

या चाळीत लोटन हमाल राहायचा. पाठीवर क्विंटलाचं पोतं घेऊन चालणारा हा माणूस पखवाजापुढे बसला की त्याची बोटं अशी हलकी व्हायची, की पाहणाऱ्याला वाटावं, हा दुसराच कोणी आहे. मारुतीच्या देवळात पंधरा वर्षं तो वाजवत होता. पण भजनाला. सप्त्यात मोठे महाराज आले, की त्यांचा पखवाजी त्यांच्याबरोबर यायचा आणि लोटन कोपऱ्यात बसून स्वतःच्या गुडघ्यावर ठेका धरायचा.

त्या वर्षी हनुमान जयंतीच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला भडगावचे हिलाल महाराज आले, आणि एकटेच आले. त्यांचा पखवाजी मोतीलाल दोंडाईच्याच्या पंगतीत वरणाचं पातेलं उतरवायला गेला होता. उतरवलं, पण हात भाजून घेतला.

"इथं पखवाज कोण वाजवतं?" महाराजांनी सकाळी आल्या आल्या विचारलं. सगळ्यांची बोटं एकदम लोटनकडे वळली.

"पुढच्या एकादशीला धुळ्याला मोठं कीर्तन आहे," महाराज म्हणाले. "मोतीलालचा हात तोवर काही धरत नाही. आज तुमचा हात पाहू."

पंधरा वर्षांनी कोपऱ्यातून मधोमध यायची वेळ आली होती. लोटनने घरी निरोप धाडला, "कणीक मळ. गव्हाची. घट्ट."

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाला दोन तोंडं. उजव्याला शाई असते, ती कायमची. डाव्याला मात्र प्रत्येक वेळी ओली कणीक थापावी लागते. थापली तर डावा हात ढगासारखा घुमतो. न थापली तर नुसता तेलाचा डबा.

चाळीत रोजची भाकर ज्वारीची. गव्हाचं पीठ पाहुण्यांसाठी वाटीभर राखलेलं असे. सुनंदाबाईने, म्हणजे लोटनच्या बायकोने, ते सगळंच्या सगळं मळलं, गोळा ओल्या फडक्यात घट्ट बांधला आणि लेकीच्या, बेबीच्या, हातावर ठेवला.

"बेबे, सरळ तुझ्या बाकडे जायचं. वाटेत थांबली तर तंगडं मोडीन."

"हो माय."

"खेळायचं नाही."

"नाही माय."

सुनंदाबाई दुसऱ्या वाटेने हंडा घेऊन देवळापुढच्या मंडपात पाणी भरायला गेली. चाळ ते देऊळ दोनशे पावलं. पण शंभराव्या पावलावर ती मोकळी जागा होती, आणि तिथे सकाळपासून लगोरीचा डाव रंगला होता.

रंगला होता म्हणजे थांबला होता. सुपडूने चेंडू असा भिरकावला होता की तो थेट मिलच्या पत्र्यावर. झिपरू कमरेवर हात ठेवून वर बघत होता. झिपरू बेबीच्या गटातला, तिच्याहून वर्षाने मोठा, आणि कुठल्याही संकटात त्याच्याकडे उपाय तयार असायचा. संकटं बहुतेक त्या उपायांतूनच यायची.

"तुना हातमा काय शे वं?" झिपरूने विचारलं.

"कणीक शे. बाच्या पखवाजाची."

"गोल शे."

"गोल असो नाहीतर चौकोनी. दिवू नही मी."

"एकच डाव."

"माय तंगडं मोडीन म्हणली."

झिपरूने विचार केला. "तू खेळूच नको ना. कणीक खेळीन. तू नुसती उभी राहा."

यात खोट काढायला बेबीला वेळ लागला, आणि तेवढ्यात सुपडू पलीकडून ओरडला, "घाबरट! हरनात तुम्ही, कबूल करा!"

झिपरूने गोळा घेतला, नेम धरला, आणि चुकवला. लगोरी जागची हलली नाही. बेबी चाळीतली सगळ्यात नेमबाज पोर. तिला ते पाहवेना. "आण इकडे," ती म्हणाली, "तुला भिंतसुद्धा लागत नाही."

तिने मारलेला गोळा लगोरीच्या बरोबर मध्यावर बसला. सातही फरश्या सात दिशांना. असा चेंडू चाळीत आजवर झाला नव्हता. ना उसळला, ना वळला. फक्त घरंगळत गेला तो झुंबरबाईच्या दारातल्या शेळीपुढे.

झुंबरबाई ही चाळीच्या टोकाला राहणारी म्हातारी. सात वर्षांपूर्वी मंडळाने सप्त्यातल्या भोंग्याचं तोंड तिच्या घराकडे केलं, तेव्हापासून तिने देवळाची पायरी चढली नव्हती. कीर्तन मात्र तिला घरबसल्या सगळं ऐकू येई, हीच तर तिची तक्रार.

पोरं पोहोचेपर्यंत शेळीने अर्धी कणीक आणि पाव फडकं आत घेतलं होतं. बेबीने उरलेलं ओढलं, शेळीने तिच्या बाजूने ओढलं, झिपरूने शेळीची शेपटी ओढली. हातात आली ती अर्धी कणीक. तिच्यावर दातांची रांग स्पष्ट.

त्याच वेळी भोंगा खाकरला. "हॅलो, हॅलो. लोटनभाऊंच्या घरून कणीक अजून आलेली नाही. महाराज उभे राहिले आहेत. कणीक ताबडतोब मंडपात आणावी."

शेजारी गहू मागावा तर चाळीला कड्या, सगळे कीर्तनाला. बेबी घरात पळाली, डब्यातलं ज्वारीचं पीठ अर्ध्या कणकेत मिसळलं, पाणी घातलं, मळलं. ज्वारीच ती! हात उचलला की भसाभस सुटायची.

"चिकटत नाही रे!" बेबी रडायला आली.

"गूळ टाक," झिपरू म्हणाला. "मायना लाडू गुळाने कसे चिकटतात? दात निघीन, पण लाडू सुटत नाही."

फळीवर पाहुण्यांच्या चहासाठी गुळाचा खडा होता. दोघांनी तो फोडला, पाण्यात विरघळवला आणि ओतला. आता गोळा चिकटला. बेबीच्या हाताला, परातीला, झिपरूच्या सदऱ्याला. तो सगळीकडून सोडवून बेबी धावली.

मंडपाच्या दारात सुनंदाबाई उभीच होती. "इतका वेळ?"

"सरळच आले माय," बेबी म्हणाली. शेवटची शंभर पावलं ती खरंच सरळ आली होती.

लोटनने गोळा हातात घेतला आणि कपाळाला आठी घातली. "काळी का गं ही?"

"रेशनचा गहू शे ना बा."

ते त्याला पटलं. त्याने कणीक थापली, देवाचं नाव घेतलं आणि थाप मारली. डावा हात असा घुमला की महाराजांनी वळून पाहिलं.

काल्याचं कीर्तन म्हणजे बाळकृष्णाचे खेळ. हिलाल महाराजांनी गोकुळ उभं केलं. गायी चरताहेत, गडी जमलेत, हुतूतू चाललाय, विटीदांडू चाललाय, आणि कान्ह्याने चेंडू मारला! बेबी पहिल्या रांगेत अंग चोरून बसली होती. महाराज सगळं आपल्याकडेच बघून सांगताहेत असं तिला वाटत होतं.

"तो चेंडू गेला, गेला, गेला," महाराज हात उंचावून म्हणाले, "आणि बाळांनो, पडला कुठे?"

"शेळीने खाल्ला!" झिपरू ओरडला.

मंडप हसला. महाराजही हसले. "शेळीने नाही रे बाळा, यमुनेत पडला." बेबीने झिपरूला चिमटा काढला, तो अजून त्याच्या दंडावर असेल.

चैत्रातलं ऊन, वर कापडाचा मंडप, आणि पखवाजावर गूळ. आधी एक माशी आली. मग तिने बाकीच्यांना सांगितलं. लोटन ठेका सोडू शकत नव्हता, म्हणून माशी बसली की तो तिथे एक जादा थाप द्यायचा. माश्या वाढल्या तशा थापा वाढल्या. महाराजांना वाटलं, रंगात आला गडी. "वा, लोटनभाऊ!" ते म्हणाले, आणि गोपाळांच्या नाचाची चाल आणखी चढवली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने कालवा झाला. गळ्यात दोरी, दोरीला उपटलेली खुंटी, अशी झुंबरबाईची शेळी सरळ चालत आली. एकदा चव लागली होती. ती पखवाजाजवळ थांबली, डाव्या तोंडाला नाक लावलं आणि चाटू लागली. लोटन उजव्या हाताने वाजवत राहिला. डाव्या हाताने तो शेळीला ढकलायचा, आणि जमलं तर मधूनच एक थाप द्यायचा. शेवटी महाराज थांबले. टाळ थांबले.

शेळीमागून काठी घेतलेली झुंबरबाई आत शिरली. "मनी शेळीले कोणी काय खावाडं? सकायपासून दोरी तोडी राहिनी!"

महाराजांनी वाकून कणकेचा कण बोटावर घेतला, हुंगला. "यात गूळ आहे."

"गूळ?" सुनंदाबाई उठली. "मी तर नुसती गव्हाची मळली महाराज, मारुतीची शपथ!"

सगळा मंडप लोटनकडे बघायला लागला. लोटन पखवाजाकडे बघत होता. त्याचं धुळं शेळीने चाटून नेलं होतं. बाची मान बेबीने पोत्याखालीसुद्धा कधी इतकी वाकलेली पाहिली नव्हती. ती उभी राहिली आणि एका श्वासात म्हणाली, "बाची चूक नाही महाराज, मी लगोरी खेळले कणकेने, अर्धी शेळीने खाल्ली, मग ज्वारी घातली, चिकटेना म्हणून पाहुण्यांचा गूळ घातला, आणि ती उष्टी शे." मग श्वास संपला आणि रडू आलं.

मंडळाचा अध्यक्ष भाईदास कपाळावर हात मारून म्हणाला, "देवाच्या वाद्याला शेळीचं उष्टं!"

हिलाल महाराजांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "भाईदास, काला म्हणजे काय हो? गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, एकमेकांचं उष्टं खाल्लं, आणि देवाने त्यातला घास मागून घेतला. मी तासभर घसा फोडून हेच सांगतोय. ही पोरं ते सकाळीच करून बसली. गहू आईचा, ज्वारी घरची, गूळ पाहुण्यांचा, आणि घास शेळीचा. माझ्या आधी काला झाला की!" मग झुंबरबाईकडे वळून म्हणाले, "अक्का, उभ्या का? गोकुळात गवळणी पाहिजेतच. बसा."

झुंबरबाई गडबडली. सात वर्षांचा राग कुठे ठेवावा हे तिला पटकन सुचेना. तिने तो काठीबरोबर खाली ठेवला आणि बसली. भाईदास मुकाट्याने उठला आणि भोंग्याचं तोंड स्वतः फिरवून आला.

"लोटनभाऊ," महाराज म्हणाले, "कणीक बदलून घेता?"

लोटनने कणकेवर अंगठा दाबून पाहिला. पुन्हा दाबून पाहिला. "नको महाराज," तो म्हणाला. "राहू द्या हीच."

आणि मग जो ठेका लागला, तो हंडी फुटेपर्यंत सुटला नाही. दही, लाह्या, लोणचं, सगळं एकमेकांच्या हातांवर. निघताना महाराज एवढंच म्हणाले, "एकादशीला सकाळच्या गाडीने धुळ्याला या."

दुपारी घरी आल्यावर लोटनने दार लोटलं आणि बेबीला समोर बसवलं. सुनंदाबाईने उलथणं हातात घेऊन ठेवलं होतं, कोणाच्या बाजूने वापरायचं ते अजून ठरलं नव्हतं. लोटनने खिडकीतून बाहेर पाहिलं. कोणी नव्हतं. मग आवाज अगदी खाली आणून त्याने विचारलं,

"बेबे, गूळ कितला टाका व्हता वं?"

"बा?"

"अगं, चैत्रात अर्ध्या तासात कणीक सुकते. तडकते. पाणी लावता लावता ठेका हलतो. पंधरा वर्षं हेच भोगतोय. आज दोन तास झाले, अजून ओली शे ती!"

बेबीने अंगठ्याचं पेर दाखवलं. "इतका. आणि ज्वारी दोन मुठी. आणि अर्धी शेळीने चघळलेली."

लोटनने ते सगळं बोटांवर मोजून घेतलं.

"गूळ नेता येईल," तो म्हणाला, "पण एसटीत शेळी घेतील का?"

तर मंडळी, कीर्तन संपल्यावर महाराजांच्या पाया पडायला रांग लागते, ती लागू द्या. पखवाज्यालाही कोणीतरी वाहवा देतं. पण पुढच्या वेळी डावा हात घुमेल ना, तेव्हा ज्या पोरीने धावत कणीक आणून दिली असेल, तिची तेवढी आठवण ठेवा. वाटेत ती जरा खेळली असेल, तर तेही पोटात घाला.