तात्यामामांचं माप

आमचे तात्यामामा माणूस तोंडावरून ओळखत नसत, गुडघ्यावरून ओळखत. कोल्हारच्या स्टँडजवळ त्यांचं सायकलचं दुकान होतं. मान खाली घालून चाकाचे आरे आवळत बसलेले असत. समोर कुणी येऊन उभं राहिलं की नजर वर चढायची ती गुडघ्यापर्यंतच. "या पाटील. डावा अजून दुखतोय व्हय?" बस्स, पुढचा पाटील बघायची त्यांना गरज पडत नसे. माझ्या लग्नात दिवसभर पंगतीत वाढून दमले, तेव्हा आईने विचारलं, "तात्या, व्याही कसे वाटले?" मामा म्हणाले, "बावीस इंची."

सायकल दुरुस्तीला आणा नाहीतर नुसती हवा भरायला थांबा, माप घेतल्याशिवाय सुटका नाही. चपला काढून भिंतीला पाठ लावायची. मग सुतळीचं एक टोक टाचेखाली आणि दुसरं वर, जिथपर्यंत जायचं ते चारचौघांत लिहायला मला संकोच वाटतो, तिथपर्यंत. तिथे पहिली गाठ. खांद्यापासून मुठीपर्यंत दुसरी. पहिलीवरून शीट किती उंच ते ठरायचं, दुसरीवरून हँडल. सुतळी मग भिंतीवरच्या खिळ्याला. भिंतभर सुतळ्या लोंबत, एकीवरही नाव नाही. कुणाची कुठली ते मामांना पाठ.

आणि दर दिवाळीला माप नवं. "शरीर काय लोखंडाचं हाय व्हय?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. "सायकल हाय तशी ऱ्हाती, माणूस झिजतो." नवी सुतळी खिळ्याला लागली की जुनी पहिल्या आंघोळीच्या बंबात जायची. अर्ध्या कोल्हारचे पाय जाळून मामांचं पाणी तापायचं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. श्रीरामपूरला मास्तरकी लागली होती, म्हणून सासऱ्यांनी मांडवात चोवीस इंची, सगळ्यांत उंच फ्रेमची काळीभोर सायकल उभी केली. जावयाला शोभणारी. माझं धड वडिलांवर गेलंय आणि पाय आईवर. आईच्या माहेरी पाय हा प्रकार थोडक्यात आटोपलेला आहे. मी ओट्यावरून त्या सायकलवर चढायचो आणि उतरायला दुसरा ओटा येईपर्यंत चालवत राहायचो. हळद उतरायच्या आत मामांनी मला भिंतीला लावलं.

"ही सायकल तुज्या सासऱ्याच्या अब्रूच्या मापाची हाय, भाच्या. तुज्या न्हाई."

शीट पार नळीला टेकवली, तरी पाय पुरेनात. मग त्यांनी दोन्ही पायडलना लाकडी ठोकळे ठोकून दिले. त्या ठोकळ्यांवर मी घरी आलो, तेव्हा आमच्या हिला मी पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं. संसाराची सुरुवात काही वाईट झाली नाही.

पुढे दोनेक वर्षांनी बातमी आली, मामा पडले. प्रवरेच्या पुलापाशी बैलगाडीला वाट द्यायला थांबले, पाय खाली सोडला, तो जमिनीला पोचलाच नाही. सायकलीसकट आडवे. गुडघा नारळाएवढा सुजला. गावाला हसू आवरेना. सगळ्यांची शीट बसवणाऱ्याची स्वतःचीच शीट उंच! डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, आणखी एकदा पडलात तर सायकल कायमची बंद. मामी जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. सायकलवरून गावाला चक्कर मारणं सोडलं, तर मामा घर आणि दुकान यांबाहेर जायचेच नाहीत. आईने मला पिटाळलं. "शीट खाली घेतल्याशिवाय परत येऊ नको."

मामा दुकानात पाय खोक्यावर ठेवून बसले होते. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "ये मास्तर."

"मामा, शीट उतरवू या."

"न्हाई."

"अहो, पाय टेकत नाही तुमचा."

"टेकत हुता."

"शरीर काय लोखंडाचं आहे?" मी म्हटलं.

"लई शाना झालास." थोडा वेळ ते पाना पुसत राहिले. मग हनुवटीने कोपऱ्यातला खिळा दाखवला. त्यावर एकच सुतळी होती, तेलकट हातांनी काळी पडलेली.

"दुसऱ्याचं माप घेता येतं. सवताचं न्हाई. खाली वाकलं की चुकतं. दर दिवाळीला तुजी मामी घ्यायची, घरी. डावरी हुती. गाठ बघ, उलटी पडलीय."

मी पाहिलं. गाठ उलटी होती. दोन दिवाळ्या उलटल्या होत्या आणि ती सुतळी बंबात गेली नव्हती.

मी नवी सुतळी तोडली आणि म्हटलं, "उभे राहा." मला वाटलं, पाना फेकून मारतील. पण ते भिंत धरून उठले, चपला काढल्या, धोतर वर घेतलं. एवढ्या वर्षांत मामांचे गुडघे मी पहिल्यांदाच पाहत होतो. दुखरा पुरता सरळ होत नव्हता. माप दोन बोटं कमी भरलं.

गाठ मारली, ती सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली.

"पोरांना काय शिकवतोस रं?" मामा वरून म्हणाले.

तिसरी टिकली. मी पान्याने शीट दोन बोटं खाली घेतली. मामांनी सायकल पायांत घेतली, दोन्ही टाचा जमिनीवर ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"टेकल्या," म्हणाले.

काम फत्ते झाल्याच्या भरात मी नवी सुतळी खिळ्याला अडकवली आणि नियमाप्रमाणे जुनी काढायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे ती."

मी वळलो. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"खिळा मोठा हाय," ते म्हणाले.