धुऱ्यावरची दुधाणी

वामनराव सर कुठल्याही झाडाची ओळख त्याचं पान मोडून करून घेतात. चीक निघाला की खिशातून भिंग निघतं. अकोल्याला माझ्या पुतणीच्या लग्नात आहेर द्यायला ते स्टेजवर चढले, खुर्चीमागच्या कुंडीतल्या लाल पानांच्या रोपाचा शेंडा मोडला आणि पांढरा थेंब नवरदेवापुढे धरला.

"पाहा जावईबापू, आपल्या दुधाणीची बहीण होय हे!"

जावईबापूंनी तीर्थ समजून ओंजळ पुढे केली.

"पेऊ नका बाप्पा, आग होते!"

सर बडनेऱ्याच्या शाळेतून निवृत्त झाले. काकू गेल्यापासून पातूरजवळच्या शेतातच खोली बांधून एकटे राहतात. त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून माझं शेत. मी अमरावतीत.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सोयाबीनमध्ये त्यांना दुधाणी दिसली; पिकात माजणारं तण. एक झाड उपटून त्यांनी माझा वर्गच घेतला. "मोडलं का चीक. शेंड्याचे पानं बुडाशी फिक्के. फुलाच्या पेल्याले गाठ एकच. अन् बोंडाले तीन खण, तीन बिया. वाळलं का तडकते, बी दूर फेकते. आठ दिवसांत उपट."

आठ दिवसांनी फोन आला. "उपटली काय रे?"

"उपटली, सर." मी घरी सोफ्यावर होतो.

पुढच्या पावसाळ्यात ती त्यांच्या शेतात उगवली. सर गावभर सांगत सुटले, "माह्याच बियाण्यातून आली. मले पारखता नाही आलं." पारावर लोक म्हणाले, "मास्तर नापास!" हसणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हापासून ते ओणवे होऊन एकेक रोप उपटतात आणि पोत्यात भरतात. चिकानं त्यांची बोटं सोलून निघाली आहेत. परवा ती बोटं पाहिली आणि मला राहवलं नाही.

"सर, मी उपटलीच नव्हती. खोटं बोललो."

त्यांनी मान वर केली नाही. "मले मालूम हाये. पयली ओळ धुऱ्याच्याच अंगानं उगवली. बोंड कुठून तडकलं ते मले समजत नाही काय?"

"मग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो त लाजेकाजे तू येनंच सोडलं असतं. तुह्याशिवाय या धुऱ्यावर येते कोन?"

दोन वर्षांत मी तिथे तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा उभ्या उभ्या.

सरांनी शेजारची ढेकळं हातानं बाजूला केली, मला बसता यावं म्हणून. रस्त्यावर माझी गाडी चालूच होती. मी जाऊन ती बंद करून आलो.