भरल्याबिगर सुटणार न्हाई

"सरका की अक्का! एक शीट, फकस्त एक शीट, लगीच निघालाव!"

कमलनगरच्या जीपस्टँडावरची ही आरोळी बंडेप्पांनी लहानपणी आईच्या मांडीवर बसून ऐकली होती. पुढे त्यांनी प्रवासी वाहायला स्वतःची जीप घेतली. आरोळी तीच ठेवली. मोकळी सोडलेली गाडी म्हणजे ओटी न भरता सासरी धाडलेली लेक, असे त्यांचे ठाम मत होते.

त्यांच्या लेकीला, सुधारानीला, जर्मनीतल्या एका शहरात डॉक्टरेट मिळणार होती. समारंभ सकाळी दहाला. उशिरा येणाऱ्यांना, आईबाप असले तरी, प्रवेश नाही. बंडेप्पा आणि मल्लम्मा थांब्यावर आले. ट्राम वेळेवर आली. आत तीन माणसे आणि एक कुत्रा.

मल्लम्मा चढून बसल्या. बंडेप्पांनी एक पाय आत ठेवला, एक बाहेर. "ही तर मोकळीच जायलीय! कामून?"

"अवो, चढा. सुधी वाट बघायलीय."

"मोकळ्या गाडीत फिरायला आपण काय मंत्री हाव?"

दारात पाय असेल तर ट्रामचे दार लागत नाही, असा तिथला नियम. प्रवाशाच्या पायाला कुणी हात लावायचा नाही, हाही नियम. दोन्हींचे काटेकोर पालन होऊन ट्राम उभी राहिली. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी.

एक अधिकारी आला. मोबाईलमधल्या दुभाष्याकडून त्याने हरकत समजून घेतली. हरकत आली म्हणजे चौकशी आली. डब्यात फिरून त्याने शेरा मारला : 'रिकामेपणा आढळला.' रिकामेपणा असा अधिकृत झाल्यामुळे तो दूर केल्याशिवाय गाडी सोडणे बेकायदा ठरले.

"मग भरा की," म्हणत बंडेप्पांनी आरोळी ठोकली.

मागच्या ट्राममधले लोक शिस्तीने उतरून पुढच्या ट्राममध्ये आले. त्यामुळे मागच्या ट्रामी रिकाम्या झाल्या आणि नियमाने त्याही अडल्या. महापौर सायकलवरून धावून आले. मागचे कॅरिअर रिकामे आढळल्याने त्यांनाही थांबवण्यात आले.

ट्राम भरत आली. एकच जागा उरली. टायवाला एक गृहस्थ दांड्याला लटकून बंडेप्पांच्याच सुरात ओरडू लागला. दहाला थोडाच अवकाश होता. मल्लम्मा उठल्या, खाली उतरल्या, पदर खोचला.

"कुठं निघालीस? एकच शीट ऱ्हायलंय!"

मल्लम्मा वळल्या. "सुधीच्या येळंला कळा यायल्या तवाबी एकच शीट ऱ्हायलं होतं. साऱ्या गावाला सांगता, माझ्या जीपीनं येळेवर दवाखान्यात पोचवलं. जीपीनं न्हाई. म्या मागनं उतरून चालत गेलते. तुमी भरली जीप घेऊन आलाव, तवर लेक रडून निजलीबी होती. तुमाला वाटलं, दवाखान्यापाशी गर्दीतनं म्या आधी उतरले."

आणि त्या चालू लागल्या.

बंडेप्पांनी दारातला पाय काढला. आयुष्यात पहिल्यांदाच भरत आलेली गाडी सोडून ते धोतर सावरत बायकोमागे पळाले.

ट्राम अजून उभीच आहे. आता तीन शिटं कमी आहेत. आपण नाहीतरी रिकामेच वाचत बसला आहात. या की. येताना दोघांना घेऊन या; लगीच निघालाव.