ब्याऐंशी टक्के छगन

धुळ्यात चेहरे ओळखणारे कॅमेरे लागले, तेव्हा कचेरीत सगळ्यात मोठ्याने मीच म्हणालो होतो, "सरळ माणसाला कसली भीती? घाबरतील ते चोर!"

पुढच्याच रविवारी बायकोने, संघमित्राने, भरताचा घाट घातला. गरमागरम वांगी सोलताना माझा अंगठा असा भाजला की विचारू नका! वर तिने मलाच कांद्याची पात आणायला पिटाळलं.

बाजारात शिरलो तोच दोन पोलीस दोन्ही बाजूंनी आले आणि लग्नातल्या करवल्यांसारखे मला चिकटले!

"चल, छगन!"

"अहो, मी जीवन! सरकारी लिपिक!"

"मशीन ब्याऐंशी टक्के छगन म्हणतंय. बकरीचोर!"

चौकीत फौजदार साहेबांना मी ऐटीत म्हणालो, "माझ्या अंगठ्याचा ठसा घ्या ना! आत्ता खरंखोटं होईल!"

अंगठा मशीनवर ठेवला. मशीन गप्प. पुन्हा ठेवला. गप्प!

साहेबांनी अंगठा उलटासुलटा करून पाहिला. "ठसा जाळून आलाय! मुरलेला दिसतो!"

"वांगं, साहेब! वांग्याने भाजलंय!"

"वांगं काय! बकऱ्या कुठंयत?"

चोरीच्या गुन्ह्यात नाव आलं तर नोकरी गेली! मी गयावया करून घरी फोन लावायला लावला. साहेबांनी विचारलं, "बाई, जीवन नावाचा माणूस तुमचा नवरा का?"

"पात आणायला गेलेत दोन तासांपूर्वी! घेतली का पात?"

"पात नाही दिसत त्यांच्याजवळ."

"मग नाही माझा नवरा!" फोन बंद!

शेवटी साहेबांनी पिंपळनेरहून फिर्यादी रुक्माबाईंना बोलावलं. आठ बकऱ्या गेलेली म्हातारी! छगनला तिने भरदिवसा पळताना पाहिलं होतं. ती माझ्या नाकाला नाक लागेल इतकी जवळ आली. बाजारात जनावर पारखावं तशी माझी हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं.

"हाऊ नही शे, साहेब!" म्हातारी नकारार्थी मान हलवत ठासून म्हणाली. "तो चोर देखना व्हता!"

चौकीत हशा पिकला. हसत नव्हतो तो मी एकटाच. म्हातारीला माझी दया आली असावी, पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "जाऊ द्या बिचाराले!"

आणि साहेबांनी तिचं म्हणणं जसंच्या तसं जबाबात लिहून, खाली साक्षीदार म्हणून माझीच सही घेतली!