ओस

बोऱ्हाडेसाहेब परक्या घरात शिरले की आधी चुलीत हात घालत. बायका ओरडत, एकीने तर उलथनं उगारलं होतं, पण साहेब राखेत बोटं फिरवून शांतपणे म्हणत, “ऊब आहे. लिहा, मॅडम.” आणि मी लिहायची.

आमच्या पाहणीसाठी प्रत्येक वस्तीतल्या घरांची यादी करायची आणि पुण्याहून आलेल्या आकड्यांच्या कागदावरून त्यातलं एक घर निवडायचं, एवढंच काम. पण घर कशाला म्हणायचं, याचं साहेबांचं स्वतःचं शास्त्र होतं. “भिंती फसवतात, माणसं त्याहून. राख फसवत नाही.” एका छपराखाली चुली दोन, तर घरं दोन. राख गार, तर घर ‘ओस’. सगळी घरं ओस निघाली, तर वस्तीचं नावच यादीतून कमी. यात ते कुणाचं ऐकत नसत. उजवा हात कायम काळा. हजेरीपुस्तकात त्यांची सही शोधावी लागत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही जामखेडच्या बाजूला होतो. तलाठ्याकडचा नकाशा ओढ्यापाशी संपत होता. पलीकडे कोरा कागद. तिथे एक वस्ती असल्याचं कोतवाल म्हणाला. “पर मान्सं न्हाईत. समदी ऊस तोडाया गेल्यात.” तो स्वतः ओढ्याअलीकडेच थांबला. का, ते सांगेना. “सांजंला धूर निघतो तितनं,” एवढंच पुटपुटला.

साहेब पावलं मोजत पुढे, मी वही घेऊन मागे. नऊ घरं. कुत्रं नाही, कोंबडी नाही. कुलपंही नव्हती, नुसत्या कड्या. साहेबांनी वहाणा काढल्या, रिकाम्या दाराला तीनदा “येऊ का, बाई?” असं विचारलं आणि आत गेले. भांडी पालथी घातलेली, त्यांवर धूळ. साहेब चुलीशी बसले आणि तसेच बसून राहिले.

“मॅडम, ऊब आहे.”

दुसऱ्या घरात ऊब. तिसऱ्यात ऊब. नवव्या घरापर्यंत साहेबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “लिहा,” ते म्हणाले. “नियम तो नियम.” मग आकड्यांच्या कागदावर बोट ठेवलं. चार.

चौथ्या घरातून आता धूर येत होता.

आत एक म्हातारी चुलीपुढे बसली होती. “या. मघाशी तुमी शिरलात तवा मागं गोठ्यात गव्हानीमागं दडल्ते. म्हनलं, कोन हाय न् कोन न्हाई.”

“सगळ्या चुली तुम्हीच पेटवता, मावशी?”

“व्हय. रोज सांजंला. मंग शेणी राखंखाली दाबून ठिवते. मागं एक सायेब आल्ता. लावल्याली दारं बगून ‘ओस’ लिवून गेला. टँकर यायचा बंद झाला. मान्सं माघारी आल्यावर पितील काय?”

साहेबांनी आपल्या काळ्या हाताकडे पाहिलं. नऊ चुली, माणूस एक. मी आठ ओळी खोडायला पेन्सिल उचलली.

“थांबा, मॅडम.” ते म्हातारीकडे वळले. “गेलेले नक्की येणार?”

“न येऊन जात्यात कुटं? पावसाच्या आत येत्यात.”

“मग घरागणिक माणसं सांगा.”

तिने सांगितली. तान्ह्या पोरांसकट, कुठेही न अडखळता. बाहेर उजेड कमी होत होता, आणि प्रत्येक नावाबरोबर कुणीतरी येऊन दाराशी उभं राहतंय, असं मला वाटत होतं. मी मान वर केली नाही. आठही ओळींपुढे साहेबांनी मला एकच शेरा लिहायला लावला: ऊसतोडीला गेले, परतणार.

“आन तुमच्याकडं कोन पेटवतं चूल, सायेब?” म्हातारीने सहज विचारलं.

साहेबांनी बोटांवरची राख अंगठ्याने चोळली.

“पेटवणारी गेली. सहा वर्षं झाली. तिच्या हातची राख अजून काढलेली नाही चुलीतून.”

म्हातारीने दोन शेण्या त्यांच्यापुढे सरकवल्या.

“तुम्ही व्हा पुढे, मॅडम,” साहेब म्हणाले. “कोतवाल थांबलाय.”

ओढा ओलांडून मी वळून पाहिलं. म्हातारी आपल्या दारात स्वस्थ बसली होती. धूर पाचव्या घरातून निघत होता, सहाव्यातून निघत होता, आणि सातव्या घरात साहेब खोकत होते.